राजीनामा, सक्तीचा

राजीनामा, सक्तीचा : मालकाने किंवा वरिष्ठाने केलेल्या छळामुळे, दिलेल्या धमकीमुळे अथवा आणलेल्या दडपणामुळे कर्मचाऱ्याने आपल्या इच्छेविरुद्ध लिहून दिलेले नोकरीचे त्यागपत्र. अशा त्यागपत्राचे बाह्य रूप स्वेच्छेचे असते. तथापि त्यामागे संमती नसते. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो राजीनामा न ठरता मालकाने केलेली सेवासमाप्ती ठरू शकते. कर्मचाऱ्याला बडतर्फ करावयाचे झाल्यास आरोपपत्र देणे, चौकशी करणे व बचावाची संधी देणे आवश्यक असते. कामगारकपात करावयाची झाल्यास नोटीस व भरपाई द्यावी लागते. कर्मचाऱ्याने स्वतःच राजीनामा दिला, असे दाखविता आले की ही सर्व बंधने एका सहीनिशी टळतात. सक्तीच्या राजीनाम्याची प्रथा या सोयीतून निर्माण झाली. तिला आळा घालणारा कायदा भारतात कोणत्याही एका अधिनियमाने घडलेला नाही. संविदा कायदा, औद्योगिक कायदा, राज्य विधिमंडळांचे विशेष अधिनियम आणि न्यायालयांचे निर्णय यांतून तो क्रमाक्रमाने आकारास आला.

शब्दाचा अर्थ : ‘राजीनामा’ हा शब्द ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख या अरबी-फार्सी शब्दांपासून बनला आहे. मराठेशाहीतील न्यायपद्धतीत पंचायतीचा निर्णय आपणांस मान्य राहील, असा लेख वादी व प्रतिवादी यांच्याकडून घेतला जाई. त्यास राजीनामा म्हणत. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील रयत आपल्या ताब्यातील जमीन सोडताना सरकारला राजीनामा देई आणि ती जमीन नव्याने घेणारा कबुलायत लिहून देई. नोकरीचे त्यागपत्र हा आज रूढ असलेला अर्थ आहे. या तिन्ही अर्थांत लिहून देणाऱ्याची संमती हेच त्या लेखाचे सार होय. सक्तीचा राजीनामा हा शब्दप्रयोग त्यामुळे मुळातच वदतोव्याघाताचा आहे आणि न्यायालयांनी पुढे विकसित केलेला सिद्धांतही, संमती नसेल तर राजीनामाच नाही, असाच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात भारतातील कामगारविषयक कायद्याचा रोख आजच्या अगदी उलट होता. कामगाराला नोकरीतून घालविले जाण्यापेक्षा त्याने नोकरी सोडून जाणे, ही मालकांची चिंता होती. १८५९ च्या कामगार संविदाभंग अधिनियमानुसार उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकारी काम पुरे करण्याचा हुकूम देऊ शके आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होई. भारतीय दंड संहितेतही सेवेच्या संविदेचा भंग हा काही बाबतींत गुन्हा मानला होता. १८५९ चा अधिनियम रद्द करणारा कायदा १९२५ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी दंड संहितेतील यासंबंधीच्या बहुतेक तरतुदीही रद्द झाल्या. नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य अशा रीतीने कामगाराला प्रथम मिळाले. नोकरी टिकविण्याचे संरक्षण मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने आले.

मुंबईच्या कापडगिरण्यांत भरती व बडतर्फी ही जॉबरच्या हाती असे. स्त्रियांच्या खात्यांत हे काम नायकीण पाही. कामावर लागण्यासाठी व टिकून राहण्यासाठी कामगारांना त्यांना पैसे द्यावे लागत. १९२९ मध्ये जे. एच्. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर कठोर टीका केली आणि भरती व बडतर्फी यांचे अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावेत, असे सुचविले. त्या काळी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढे सांगणे पुरेसे होते. त्यामुळे त्याच्याकडून राजीनामा लिहून घेण्याचे मालकाला कारणच नव्हते. सक्तीचा राजीनामा ही नोकरीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतरची घटना आहे. बडतर्फीचा मार्ग जसजसा अवघड झाला, तसतसा राजीनाम्याचा मार्ग अधिक वापरला जाऊ लागला.

संविदा कायद्याची मर्यादा : १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमानुसार संमती ही बलप्रयोग, गैरवाजवी दडपण, कपट, गैरनिवेदन किंवा चूक यांपासून मुक्त असावी लागते. बलप्रयोगाने वा दडपणाने घेतलेली संमती ज्याच्याकडून घेतली, त्याच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. एका पक्षाची इच्छा दुसऱ्याच्या वर्चस्वाखाली असेल, तर त्या वर्चस्वाचा गैरफायदा घेणे म्हणजे गैरवाजवी दडपण होय. मालक व नोकर यांच्या संबंधाला हे वर्णन सहज लागू पडते.

तथापि या तत्त्वाचा नोकरदाराला प्रत्यक्षात फारसा उपयोग झाला नाही. वैयक्तिक सेवेच्या संविदेची न्यायालय सक्तीने अंमलबजावणी करीत नाही, हा नियम १८७७ च्या व पुढे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात कायम राहिला. राजीनामा खोटा ठरला, तरी दिवाणी न्यायालय नोकरी परत देत नसे. नुकसानभरपाई देई आणि तीही बहुधा नोटिशीच्या मुदतीच्या वेतनापुरतीच असे. सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला तीन अपवाद मान्य केले आहेत : संविधानाच्या अनुच्छेद ३११ चा भंग करून काढलेला शासकीय सेवक, औद्योगिक कायद्याचे संरक्षण असलेला कामगार आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने कायद्याचे उल्लंघन करून काढलेला कर्मचारी. कर्मचारी या तीन वर्गांपैकी एकात मोडतो किंवा नाही, यावर त्याच्या दादीचे स्वरूप अवलंबून राहिले.

औद्योगिक कायद्याचा विकास : १९३८ च्या मुंबई औद्योगिक कलह अधिनियमाने नोकरीच्या अटी स्थायी आदेशांच्या रूपाने लेखी करण्याची पद्धत आणली. १९४६ मध्ये केंद्रीय स्थायी आदेश अधिनियम व मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम आणि १९४७ मध्ये औद्योगिक विवाद अधिनियम संमत झाले. अन्यायाने काढलेल्या कामगाराला परत कामावर घेण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते काय, हा प्रश्न मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या खटल्यात फेडरल न्यायालयापुढे आला. १९४९ मध्ये त्या न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. औद्योगिक न्यायाधिकरण पक्षांमधील संविदेने बांधलेले नसते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

तरीही एकट्या कामगाराची तक्रार संघटनेने किंवा सहकाऱ्यांनी उचलून धरल्याशिवाय औद्योगिक विवाद ठरत नसे. राजीनामा हा प्रायः एकेकट्याला गाठून घेतला जात असल्याने ही उणीव विशेष जाणवे. १९६५ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम २-क घातले गेले व एका कामगाराच्या सेवासमाप्तीचा वाद हाही औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला. १९७१ च्या कलम ११-क ने शिक्षेचे फेरमूल्यमापन करून कामगाराला परत घेण्याचा अधिकार कामगार न्यायालयांना दिला. २०१० च्या दुरुस्तीने शासनाच्या निर्देशाची वाट न पाहता समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनंतर कामगाराला थेट न्यायालयात जाण्याची मुभा मिळाली.

राजीनाम्याशी जवळचे नाते असलेली दुसरी युक्ती म्हणजे कामगाराने नोकरी ‘सोडून दिली’ असे दाखविणे. कामगाराला फाटकावर अडवावयाचे आणि काही दिवसांनी गैरहजेरीमुळे त्याचे नाव पटावरून आपोआप कमी झाले, असे सांगावयाचे, अशी तिची रीत. डी. के. यादव खटल्यात (१९९३) सर्वोच्च न्यायालयाने स्थायी आदेशांत तशी तरतूद असली, तरी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याविना त्याला काढता येत नाही, असा निर्णय दिला आणि उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे नमूद केले.

महाराष्ट्रातील अधिनियम : कामगार संघांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीचा महाराष्ट्राचा १९७१ चा अधिनियम १९७५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे. सूडबुद्धीने वा उघड खोट्या कारणांवरून काढून टाकणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतविणे, व्यवस्थापकीय धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणे, वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरता कामगार म्हणून ठेवणे, तसेच बळाचा वा हिंसेचा वापर करणे यांचा तीत समावेश होतो. तक्रार घटनेपासून ९० दिवसांच्या आत करावयाची असते आणि अंतिम निर्णयापूर्वी अंतरिम आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. राजीनाम्यापूर्वीचा छळ बहुधा बदली, खोटे आरोप व धमक्या या क्रमाने चालतो. नोकरी जाण्यापूर्वीच या पायऱ्यांवर दाद मागता येणे, हे या अधिनियमाचे वैशिष्ट्य होय. केंद्रीय कायद्यात अशा प्रथांची अनुसूची १९८२ च्या दुरुस्तीने आली व ती १९८४ पासून लागू झाली.

शिक्षकांचा प्रश्न वेगळा होता. शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, हे गोवा, दमण व दीव शासनाविरुद्धच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्राने तत्पूर्वीच खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयी १९७७ चा अधिनियम संमत केला होता. तो १५ जुलै १९८१ पासून लागू झाला. नेमणुकीच्या वेळीच तारीख न घातलेला राजीनामा किंवा कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवावयाची व गरज पडेल तेव्हा ती वापरावयाची, या प्रकाराला या अधिनियमाच्या कलम ७ ने पायबंद घातला. राजीनामा देऊ इच्छिणाऱ्या कर्मचाऱ्याने त्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी त्यात तरतूद आहे. वरवर पाहता ही कारकुनी स्वरूपाची तरतूद वाटते. परंतु तिच्यामुळे राजीनामा मुख्याध्यापकाच्या वा संस्थाचालकाच्या खोलीतून बाहेर पडून टपाल कचेरीपर्यंत जातो आणि मधल्या अवधीत कर्मचाऱ्याला विचार करावयास व सल्ला घेण्यास अवसर मिळतो. टपालाचा शिक्का तारखेचा स्वतंत्र पुरावा ठरतो. बडतर्फीविरुद्ध किंवा अन्य प्रकारे केलेल्या सेवासमाप्तीविरुद्ध ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

न्यायालयीन सिद्धांत : शासकीय सेवेच्या संदर्भात राज कुमार खटल्यात (१९६८) राजीनामा स्वीकारला जाईपर्यंत तो मागे घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. गोपाल चंद्र मिश्र खटल्यात (१९७८) अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने पुढील तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेतला होता. तो मागे घेणे वैध ठरले. केवळ नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा अधिकार देणारा नियम सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्स्पोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात (१९८६) शून्य ठरविण्यात आला. पक्षांची सौदाशक्ती अगदी विषम असेल, तर सही केली एवढ्यावरून अट न्याय्य ठरत नाही, हे त्या निर्णयाचे मर्म होय.

राजीनामा ऐच्छिक होता किंवा नाही, हे ठरविताना न्यायालये सभोवतालची परिस्थिती पाहतात : मजकूर कोणाच्या भाषेत व हस्ताक्षरात आहे, तो कोठे व कोणासमक्ष लिहिला, घाईने त्याच दिवशी स्वीकारला गेला काय, कर्मचाऱ्याने त्याविरुद्ध लगेच लेखी हरकत घेतली काय आणि हिशोबाची रक्कम निमूटपणे स्वीकारली काय. सिद्धिभार सक्ती झाल्याचे म्हणणाऱ्यावर असतो. चौकशीस सामोरे जा किंवा राजीनामा द्या, असा पर्याय ठेवला एवढ्यावरूनच दडपण सिद्ध होत नाही. बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनांविषयीच्या स्वर्णकार खटल्यात (२००२) योजनेचे लाभ स्वीकारणाऱ्यांना पुढे अर्ज मागे घेतल्याचे म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. विलंब व मौन यांचा अर्थ प्रायः संमती असाच लावला जातो. छळ सोसणाऱ्या व्यक्तीला वेळेवर बोलणे हेच सर्वांत अवघड असते आणि कायदा तिच्याकडून नेमकी तीच अपेक्षा करतो.

स्त्रिया व कार्यस्थळावरील छळ : स्त्रियांच्या बाबतीत सक्तीची सेवासमाप्ती पूर्वी नियमांतच लिहिलेली असे. मुंबईतील एका औषध कंपनीत आवेष्टन विभागातील स्त्रीची नोकरी विवाह होताच संपुष्टात येई. बाँबे लेबर युनियनने दाखल केलेल्या प्रकरणात हा नियम असमर्थनीय असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये दिला. पहिल्या गर्भारपणी हवाई परिचारिकेला नोकरीवरून दूर करण्याचा एअर इंडियाचा नियम १९८१ मध्ये रद्दबातल ठरला.

लैंगिक छळाविषयी स्वतंत्र कायदा मात्र नव्हता. राजस्थानातील एका साथीनवर १९९२ मध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर दाखल झालेल्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांच्या अंमलबजावणीतील शैथिल्याची दखल मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर २०१२ मध्ये घेण्यात आली आणि २०१३ मध्ये अधिनियम संमत झाला. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती आवश्यक असते. लहान आस्थापनांसाठी व खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करावयाची असून ही मुदत आणखी तीन महिने वाढविता येते. चौकशी ९० दिवसांत पुरी करावयाची असते. लैंगिक छळाशी निगडित असलेली नोकरीविषयक धमकी व कामाच्या ठिकाणी निर्माण केलेले भीतिदायक वातावरण यांचाही त्यात समावेश आहे.

छळ व राजीनामा यांचा संबंध २०२२ च्या एका निर्णयात विशेष स्पष्ट झाला. मध्य प्रदेशातील एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविरुद्ध छळाची तक्रार केली होती. चौकशी समितीला आरोप सिद्ध झाल्याचे आढळले नाही. मुलीच्या बारावीच्या वर्षात मुदतपूर्व बदली झाल्यावर २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. मूळ आरोपाच्या सत्यासत्यतेत न शिरता, त्या परिस्थितीत दिलेला राजीनामा ऐच्छिक म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि मागील वेतनाविना, परंतु सेवासातत्यासह त्यांना पुन्हा पदावर घेण्याचा आदेश दिला. न्यायदान करणाऱ्या व्यक्तीलाही आपला राजीनामा ऐच्छिक नव्हता, हे सिद्ध करण्यास आठ वर्षे लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

सद्यःस्थिती : औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९२६ चा कामगार संघ अधिनियम, १९४६ चा स्थायी आदेश अधिनियम व १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम यांची जागा तिने घेतली. एकट्या कामगाराच्या सेवासमाप्तीचा वाद औद्योगिक विवाद मानण्याचे तत्त्व संहितेत कायम आहे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही करता येत नाही. स्थायी आदेशांची सक्ती मात्र ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच उरली आहे. वेतन संहितेनुसार बडतर्फी, कपात किंवा राजीनामा यांनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करावे लागते. त्यामुळे थकलेले वेतन अडवून सही मिळविण्यास कायद्याचा आधार नाही. धमकी देऊन सही घेणे हा फौजदारी धमकीचा गुन्हा होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून त्याविषयीची तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे. कामावर परत घेण्याचा आदेश झाल्यास मागील वेतन मिळणे हा सर्वसाधारण नियम होय, असे महाराष्ट्रातील एका अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा प्रतिपादन केले.

मर्यादा : व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारे, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक संहितेच्या ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. पदनामापेक्षा प्रत्यक्ष मुख्य काम महत्त्वाचे, हे तत्त्व करोना साहू कंपनीच्या खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले असले, तरी खाजगी क्षेत्रातील अनेक सुशिक्षित नोकरदारांना आजही दिवाणी न्यायालय व नुकसानभरपाई हाच मार्ग उरतो. लैंगिक नसलेल्या छळाविरुद्ध, म्हणजे सततचा अपमान, काम काढून घेणे, अशक्य उद्दिष्टे लादणे यांसारख्या वर्तनाविरुद्ध, भारतात सर्वसाधारण अधिनियम नाही. ब्रिटनमध्ये मालकाच्या वर्तनामुळे नोकरी सोडावी लागणे ही बडतर्फीच मानण्याची तरतूद कायद्यातच आहे. फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळाविरुद्ध कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जगातील हिंसा व छळ यांविषयीचा संकेत क्र. १९० स्वीकारला आणि तो २०२१ मध्ये अंमलात आला. भारतात हे काम अद्याप मुख्यतः न्यायनिर्णयांवर सोपविलेले आहे. खाजगी शाळांसाठी महाराष्ट्राने स्वीकारलेला मार्ग, म्हणजे राजीनाम्याची रीतच अशी ठरविणे की ती मालकाच्या खोलीत पुरी होऊ नये, इतर आस्थापनांपर्यंत पोहोचलेला नाही. सही झाल्यानंतर ती खोटी ठरविण्यापेक्षा ती सक्तीने होऊच नये, अशी तजवीज करणे कर्मचाऱ्याच्या अधिक हिताचे असते, हे त्या छोट्या कलमाचे महत्त्व आहे.